स्विफ्टच, पण कुठली?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांचे दरवाजे दुकानाबाहेर एकमेकांना टेकवून ठेवलेले असतात आणि आत माळ्यापर्यंत बंपरांची चळत लागलेली असते. तिथे जाऊन ‘स्विफ्टचा बंपर आहे का?’ असं विचारणारा माणूस दुकानदाराला फार आवडतो. याला स्वतःच्या गाडीबद्दल काही माहीत नाही, हे त्याला तेवढ्यावरच कळतं. ज्याला माहीत असतं तो महिना-साल सांगतो, व्हेरिएंट सांगतो, पुढचा की मागचा तेही सांगतो आणि मोबाइलवर तुटक्या बंपरच्या उलट्या बाजूचा फोटो दाखवतो. आपला माणूस फार तर ‘पांढरी आहे’ एवढी भर घालतो.

‘सेम है साब, बैठ जाएगा,’ दुकानदार म्हणतो.

तो खोटं बोलत नाही. आपल्याकडे सगळंच बसतं. हीट गन आहे, कटर आहे, स्क्रू आहेत, तेही संपले तर तार आहे, आणि शेवटी गुडघा लावून दाबणारा मिस्त्री आहेच. कटकटी सुरू होतात त्या बसवल्यानंतर. एका बाजूची फट बोटभर आणि दुसऱ्या बाजूला कागदही जात नाही. खड्ड्यातून गेलं की खडखडाट. आणि मग दोन वर्षांनी गाडी विकायला काढली की येणारा पहिला ग्राहक त्या फटीवरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, ‘ठोकलेली दिसते.’

आता स्विफ्टचंच घ्या. मारुतीने ती आपल्याकडे २००५ मध्ये आणली, २०११ मध्ये नवी आणली, २०१८ मध्ये पुन्हा नवी आणि २०२४ मध्ये आणखी एक. नाव चारही वेळा स्विफ्ट. २००५ ची आणि २०११ ची पार्किंगमध्ये शेजारी उभी केली तर शेजारच्या काकूंना फरक कळणार नाही, कदाचित काकांनाही नाही. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर पहिल्या स्विफ्टमध्ये २,३९० मिलिमीटर होतं, दुसरीत २,४३० झालं. हे चार सेंटीमीटर कुठे तरी जाणार ना? २०१८ च्या गाडीत मागच्या दाराची मूठ दारावरून उचलून वर खिडकीच्या कडेला लपवली, २०२४ मध्ये ती परत दारावर आणली. म्हणजे ‘स्विफ्टचं मागचं दार’ अशी वस्तू जगात अस्तित्वातच नाही. चार वेगवेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांच्यामध्ये समान आहे ती फक्त जाहिरात.

बलेनोची गंमत आणखी मोठी. १९९९ मध्ये मारुतीची बलेनो आली ती डिकीवाली, लांबडी, त्या काळातल्या साहेबलोकांची गाडी. ती बंद झाली. २०१५ मध्ये त्याच नावाची हॅचबॅक आली, जिचा आधीच्या बलेनोशी काडीचा संबंध नाही. टाटा सफारी १९९८ मध्ये आली ती शिडीसारख्या चेसिसवर बसवलेली. २०२१ ची सफारी हॅरियरची थोरली बहीण. महिंद्राने तर २०२२ मध्ये कमाल केली. नवी स्कॉर्पिओ-एन काढली आणि जुनीला ‘क्लासिक’ म्हणत शेजारीच विकायला ठेवली. दोन्ही नव्या, दोन्ही स्कॉर्पिओ, दोन्हींवर यंदाचं साल. एकाच वाड्यात तीन कुलकर्णी राहत असले की पोस्टमनचे जे हाल व्हायचे, ते आता स्पेअर पार्टवाल्याचे होतात. फरक एवढाच की पोस्टमन चुकीचं पत्र परत घ्यायचा.

उलटा प्रकारही आहे, आणि तो फायद्याचा आहे. टोयोटाची ग्लान्झा २०१९ मध्ये आली तेव्हा ती बलेनोच होती. पुढची जाळी आणि बिल्ला बदललेला. त्या दोघींची दारं एकच. महिंद्रा-रेनोची लोगन २०११ मध्ये व्हेरिटो झाली, तीही बिल्ला बदलून. व्हेरिटोचं दार शोधत दारोदार फिरणाऱ्याने लोगनचं नाव घेतलं तर काम होऊ शकतं. पण हेही डोळे मिटून नाही. २०२२ च्या ग्लान्झाचा पुढचा बंपर बलेनोपेक्षा वेगळा आहे, हेडलाइटमधली दिवसा पेटणारी पट्टीही वेगळी. दारं आणि पुढचं तोंड यांना एकाच न्यायाने मोजायचं नाही. तोंड दर तीन वर्षांनी बदलतं, त्याला ‘फेसलिफ्ट’ म्हणतात. दारं, छप्पर आणि काचा बहुधा सगळी पिढीभर तशाच राहतात. त्यामुळे दार घेताना पिढी विचारा, बंपर घेताना महिना.

नावांवरून आठवलं. ज्या सीएसटी रोडवर हा बाजार भरतो, तिथलं ‘सीएसटी’ बोरीबंदरचं नव्हे. ते आहे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ ते १९३४ एवढी सहा वर्षं अंधेरीहून ट्रॉम्बेकडे जाणारी एक रेल्वे इथे होती, तिच्या मार्गावरचा हा रस्ता. बोरीबंदर १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी झालं, आणि रस्त्याचा त्यात काही हात नाही. पत्ता सांगतानाच दोन वेगळ्या गोष्टी एका नावाने खपतात त्या रस्त्यावर बंपरांचं काय घेऊन बसलात!

त्याच कुर्ल्यात एके काळी गाड्या तुटत नव्हत्या, बनत होत्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. फियाट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी अशी नावं बदलत एकच गाडी १९६४ पासून २००० च्या आसपासपर्यंत तिथून निघत राहिली. आजचा प्रकार नेमका उलटा: नाव तेच, गाडी वेगळी. पद्मिनीचा मालक दुकानात जाऊन ‘फियाटचा दरवाजा’ म्हणू शकत होता आणि त्याला दरवाजाच मिळत होता. अपवाद एक: त्याआधीची ती गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, जिचे पुढचे दरवाजे उलट्या दिशेने उघडायचे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी अश्रू ढाळले. टॅक्सीवाल्यांचा हिशेब साधा होता. ज्या गाडीचा कुठलाही पत्रा कुठल्याही सालाच्या गाडीला लागायचा, अशी ती शेवटची.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कंपनीत जाऊन नवा भाग घ्या की. घ्या. हेडलाइटचा एक कान तुटला, काच शाबूत, बल्ब शाबूत, आरसा शाबूत. तरी बहुतेक ठिकाणी कान सुटा मिळत नाही, अख्खा दिवा घ्यावा लागतो. विम्याचा दावा करा म्हटलं तर साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर सरसकट ५० टक्के घसारा कापतात, गाडी काल घेतलेली असो की पाच वर्षांपूर्वी. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस गेला. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे जितकी वर्षं तुम्ही नीट चालवलीत तितकं एका बंपरसाठी गमवायचं. आणि ज्यांची कंपनीच देश सोडून गेली त्यांनी काय करायचं? शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये भारतातले कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोर्डची फिगो किंवा शेव्हरोलेची बीट चालवणारे आता आपल्यासारख्याच गाडीच्या अपघाताच्या बातम्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

तेव्हा सेकंड हँडला नाक मुरडायचं कारण नाही. भंगारात गेलेल्या गाडीचा कंपनीचा पत्रा हा पुष्कळदा पेटीबंद ‘लोकल’ पत्र्यापेक्षा जाड आणि मापाचा असतो. फक्त विकत घेणाऱ्याने एवढं तरी ठरवून जावं की आपल्याकडे नक्की कुठली गाडी आहे.

बहुतेकांना ते माहीत नसतं. विचारा कुणालाही, ‘गाडी कधीची?’ तो पेढे वाटले ती तारीख सांगेल. गाडी आदल्या नोव्हेंबरात बनून शोरूममध्ये मार्चपर्यंत उभी होती, हे तो विसरलेला असतो. किंवा त्याला ते सांगितलेलंच नसतं. आरसी बुकावर बनल्याचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. त्यावरच सतरा अक्षरी चेसिस नंबर असतो. तो घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर गेलात तर समोरचा माणूस कॉम्प्युटरवर तुमच्याच गाडीच्या बंपरचा पार्ट नंबर काढून देतो. त्यानंतर तुम्ही त्याच्याकडून काही घेतलं नाहीत तर त्याचं तोंड वाकडं होतं, तेवढं सहन करायचं. तो नंबर घेऊन कुर्ल्यात जा.

कारण नंबर मालावरच छापलेला असतो. बंपर उलटा करा. आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये उठावदार अक्षरांत पार्ट नंबर दिसेल. ह्युंदाईत तो ८६५११ ने सुरू होत असेल तर पुढचा बंपर, टोयोटात ५२११९ ने; पुढची अक्षरं सांगतात की कुठल्या मॉडेलचा. त्याच्याच आसपास घड्याळाच्या तबकडीसारखं एक छोटं वर्तुळ असतं, कडेने एक ते बारा आकडे आणि मध्ये बाण. तो बाण ज्या आकड्याकडे वळलाय तो महिना, आणि मधले आकडे म्हणजे वर्ष. ज्या साच्यातून बंपर निघाला त्या साच्यानेच ती तारीख मारलेली असते. दुकानदार ‘दो साल पुराना माल है’ म्हणत असेल तर ती तबकडी त्याला वाचून दाखवा. त्यानंतर भाव आपोआप उतरतो, आणि पहिल्यांदाच चहा येतो.

नंबर जुळला तरी भोकं मोजायची. हा भाग लोक सर्रास टाळतात, मला वाटतं लाज वाटते म्हणून. भर बाजारात उकिडवं बसून बंपरची भोकं मोजणं हे सुशिक्षित माणसाला शोभत नाही म्हणे. पण १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक गाडीला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या स्वस्त व्हेरिएंटच्या मागच्या बंपरला एकही भोक नसतं. म्हणजे त्याच गाडीचा, त्याच पिढीचा, त्याच रंगाचा बंपर एका महिन्याच्या फरकाने चुकीचा ठरतो. सेन्सर असलेल्या गाडीवर बिनभोकाचा बंपर लागला तर मिस्त्री ड्रिल काढतो आणि अंदाजाने पाडतो. मग सेन्सर आकाशाकडे किंवा रस्त्याकडे पाहत बसतो आणि गाडी रिव्हर्समध्ये घातली की मागे कुणीच नसताना बोंबलतो. फॉग लॅम्पचंही तसंच: वरच्या व्हेरिएंटला दिवा, खालच्याला प्लॅस्टिकचं झाकण, आणि त्यामागची वायरिंग खालच्या व्हेरिएंटमध्ये बऱ्याचदा नसतेच. दिवे घेतलेत, लावलेत, पेटणार कुठून?

फेंडरचं भोक त्याहून फसवं. पुष्कळ गाड्यांत खालच्या व्हेरिएंटला इंडिकेटरचा छोटा दिवा फेंडरवर असतो, वरच्या व्हेरिएंटला तो बाहेरच्या आरशावर जातो आणि फेंडर कोरा राहतो. आरशावर इंडिकेटर असलेल्या गाडीला भोकवाला फेंडर लावला की एका बाजूला दोन इंडिकेटर होतात, किंवा एक भोक आणि त्यात बसवलेलं रबराचं बूच. रस्त्यावर असं बूच दिसलं की समजावं, फेंडर दुसऱ्याचा आहे. आरसा घेताना मागे लोंबणाऱ्या तारा पाहायच्या. नुसता इलेक्ट्रिक आरसा फिरवायला तीन तारा पुरतात. इंडिकेटर असेल, दुमडायची मोटर असेल तर त्या वाढतात. तारा कमी निघाल्या तर आरसा दिसेल झकास आणि हलेल हाताने.

हेडलाइटबाबत एक सूचना, विशेषतः ज्यांनी हौसेने महागडी परदेशी गाडी जुनी घेतली आहे त्यांना. तिचा दिवा दुबईहून आलेला असेल तर लक्षात ठेवा: दुबईत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, आपण डाव्या. दिव्याचा झोत कडेच्या बाजूला जरा वर उचललेला असतो, म्हणजे माणसं आणि पाट्या दिसतात, समोरच्याचे डोळे वाचतात. तिकडचा दिवा इकडे लावला की तो झोत बरोबर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. घोडबंदरला रात्री समोरून येणाऱ्यांना तुम्ही शिव्या देता, त्यातल्या काहींनी हाय बीम लावलेलाच नसतो.

बॉनेटवर मात्र थट्टा थांबवतो. बॉनेट म्हणजे नुसता पत्रा नव्हे. त्याच्या टोकाला हूक असतो आणि तो खाली लॉकमध्ये दोन टप्प्यांत अडकतो. पहिला टप्पा सुटला तरी दुसरा धरून ठेवतो. वेगळ्या पिढीचं बॉनेट ‘बसवलं’ की बिजागऱ्या ओढून-ताणून जमवतात, हूक जरा बाजूला राहतो आणि दार आपटल्यासारखं दाणकन आपटून ते बंद करायची सवय लागते. शहरात कळत नाही. एक्स्प्रेस वेला ऐंशी-नव्वदच्या वेगाने वारा आत शिरला की ते उघडून थेट काचेवर येतं आणि समोरचा रस्ता दिसायचा बंद होतो. तेव्हा जुनं बॉनेट घेतलंत तर रंगाचं नंतर पाहा. आधी हूक, लॉक आणि दोन्ही बिजागऱ्या एकाच गाडीच्या मागून घ्या, आणि मिस्त्रीला सांगा की अलगद सोडल्यावर ते त्या धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या टप्प्यावर अडकलं पाहिजे. तो म्हणेल, ‘साहेब, तुम्ही काळजी करू नका.’ या वाक्यानंतर काळजी सुरू करावी.

जे भाग वेल्डिंगने जोडलेले असतात, म्हणजे खांब, एप्रन, मागचा कोपरा, त्यांच्या वाटेला जाऊच नये. कापून आणलेला खांब ज्या रेषेत जोडायचा ती रेष मोजायला लागणारं यंत्र कोपऱ्यावरच्या गॅरेजात नसतं. शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना धडकेच्या चाचणीचे नियम लागू झाले; एकाच नावाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गाडीत पत्र्याच्या आतलं काम सारखं असेलच असं नाही. आणि एअरबॅग? ती जुन्या बाजारातून घेणाऱ्याला या सदरातून काही सांगण्यात अर्थ नाही.

खिशात चुंबक ठेवा, फ्रिजवर चिकटवलेला गणपतीही चालेल. पत्र्यावरून फिरवला की जिथे तो सुटून पडतो तिथे आत लांबी भरलेली. पण ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर चुंबक कुठेच चिकटत नाही. तिथे सगळीकडेच लांबी आहे असा आरोप करून दुकानदाराची करमणूक करू नये.

राहिला रंग, आणि इथेच ‘पांढरी आहे’वाले पकडले जातात. मारुतीच्या सुपीरिअर व्हाइट आणि पर्ल आर्क्टिक व्हाइट या दोन पांढऱ्या छटा आहेत. एकीत मोत्याची झाक, दुसरीत नाही. दुपारच्या उन्हात एक भाग तिचा आणि एक हिचा असेल तर गाडी आजारी दिसते. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो जुळला तरी तुमचं दार सात उन्हाळे उघड्यावर उभं राहिलेलं आणि बाजारातलं दार बंद गोदामातलं, म्हणजे रंग वेगळाच दिसणार. त्यामुळे रंग जुळणाऱ्या दाराला जास्त पैसे देणं हा शुद्ध भोळेपणा. सरळ पत्र्याचं, कुठल्याही रंगाचं दार स्वस्तात घ्या आणि रंगाचे पैसे वेगळे धरा, ते तसेही लागणारच आहेत. शेजारी मात्र दारात लाल दार टेकवलेलं पाहून आठवडाभर चौकशी करतील.

बिल मागा. दुकानदार ‘कच्चं देतो’ म्हणेल, तुम्ही पक्कं मागा. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि नव्याकोऱ्या गाडीचा चारही दारांचा संच जर बाजारात हवा तेव्हा मिळत असेल तर तो कुठून आला, हा प्रश्न मनात यायला पोलीसच असावं लागत नाही.

हा बाजार संपेल असं दर काही वर्षांनी कुणी तरी म्हणतं. आता निमित्त रडारचं. २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० पासून पुढच्या गाडीशी अंतर मोजून स्वतःच ब्रेक मारणाऱ्या गाड्या आपल्याकडे सर्रास दिसू लागल्या आहेत. अशा बहुतेक गाड्यांत पुढे जाळीजवळ किंवा बंपरमागे रडार असतं. त्याच्यासमोर जुना बंपर लांबी आणि रंगाचे थर चढवून लावला तर रडारला धड दिसत नाही, आणि काच बदलली तर आरशामागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. सर्व्हिस सेंटरवाले यावर गंभीर चेहरा करून सांगतात की आता बाहेरचं काम बंद. कुर्ल्याला यांनी फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हाही घाबरवलं होतं, एबीएस आलं तेव्हाही. माझी खात्री आहे की सर्व्हिस सेंटरच्या आधी त्या रस्त्यावरच्या एखाद्या गाळ्यात, बंपरांच्या चळतीखाली, लॅपटॉप उघडलेला असेल, आणि गल्ल्यावरचा पोरगा मान वर न करता गिऱ्हाइकाला विचारत असेल, ‘रडारवाला चाहिए, के बिना रडार?’